चष्म्यातला निळा

वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल मंगळवारी दुपारी लागला. संध्याकाळी सेक्टर ३४ मधल्या क्लासच्या इमारतींपुढे ढोल वाजू लागले. बुधवारी सकाळी चंदीगडमध्ये वर्तमानपत्राची पहिली बातमी गाठण्यासाठी वरचं जाहिरातीचं वेष्टण सोलून काढावं लागलं.

हे दर वर्षी होतं. रस्त्यांच्या दुतर्फा बहावा फुललेला असतो, दुपारी डांबर मऊ पडतं, चारच्या सुमाराला एखादी धुळीची आंधी येऊन जाते आणि कापडी फलकांच्या दोऱ्या तुटतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवे फलक लागतात. ढोलवाल्यांचा ताफा एकच असतो. तो एका क्लासपुढे नाचतो, कमरेचा पट्टा सोडतो, पलीकडच्या क्लासच्या रंगाचा पट्टा बांधतो आणि तिथे नाचतो. पट्टे बदलायला ते रस्त्याच्या मधोमध थांबतात. यात त्यांना काही लपवायचं नसतं. या गल्लीत तेवढेच लोक न लपवता काम करतात.

इमारतींच्या सावलीत आईबाप उभे असतात. हातात पाण्याची बाटली, डोक्यावर ओढणी नाहीतर रुमाल. ते वर बघत असतात. वर चेहरे असतात, चेहऱ्यांखाली आकडे. मुलाने काय शिकावं हे ठरवायला आलेली ही माणसं शिकवणारा कोण, हे विचारत नाहीत. वरचा चेहरा कुठल्या इमारतीवर टांगला आहे, एवढंच बघतात. क्लासवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून शिकवण्यावर जेवढं लक्ष नसतं तेवढं टांगण्यावर असतं.

मागच्या जूनमध्ये, याच आठवड्यात, सानिका नावाची एक मुलगी शहरात दोन रंगांत टांगलेली होती. सेक्टर ३४ च्या चौकात निळ्या शर्टात आणि झिरकपूरच्या पुलाजवळ, जिथे गाड्या तासतास हलत नाहीत तिथे, नारिंगी शर्टात. हसू तेच, किंचित डावीकडे झुकलेली मान तीच, वर केलेला अंगठा तोच. निळा शर्ट एका क्लासचा, नारिंगी दुसऱ्याचा. मुलगी आमची, असं दोघांचंही म्हणणं होतं. निळ्यांकडे ती शेवटचे काही आठवडे सराव परीक्षा द्यायला जात होती. नारिंगींकडे एका रविवारी शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन आली होती. तिथला पंखा बंद होता, एवढंच तिला आठवत होतं.

तिचे वडील मूळचे नागपूरचे, सेक्टर ३० मधल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला. मुलगी चंदीगडमध्येच वाढली. घरात आई मराठीत बोलते, ही हिंदीत उत्तर देते. निळ्या क्लासच्या चित्रीकरणात तिला विचारलं, अभ्यास कसा केलास? ती म्हणाली, "ज्यादातर तो घर पे ही पढा, सच बताऊँ तो." हे वाक्य कापलं गेलं. मग तिला सांगण्यात आलं की आईबाबांसाठी तुझ्या भाषेत काहीतरी बोल. ती लाजली, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाली, "आईबाबा, तुमच्यामुळे झाला. थँक यू." 'झालं' म्हणायला हवं होतं. ते वाक्य ठेवलं गेलं.

हे चित्रीकरण मोहालीतल्या ज्या स्टुडिओत आलं, तिथे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या टेबलावर मी बसत असे. खाली स्वयंपाकघराच्या ओट्यांचं आणि कपाटांचं दुकान, वर आम्ही. काळे पडदे, सतत चालणारा एसी, दाराशी चपलांचा ढीग. बाहेर दुपार इतकी पांढरी असायची की आत आल्यावर थोडा वेळ काहीच दिसायचं नाही. मालक भुल्लरसाहेब. एयरोसिटीत राहायचे, रोज नव्या कल्पना आणि जुनी लस्सी घेऊन यायचे. निळा क्लास त्यांचा ग्राहक होता. नारिंगीही होता. दोघांनाही ते 'अपना पुराना बंदा' म्हणायचे.

निळ्यांची जाहिरात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नारिंगींचा फोन आला. मुलगी मामाकडे नागपूरला गेली होती, पुन्हा चित्रीकरण शक्य नव्हतं. भुल्लरसाहेब नीलेशच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"ओ नीलेश बाबू, कुडी ओही, रँक ओही. बस कमीज बदलनी है. किन्ना टाइम?"

"सर, ब्लू वालों को चलेगा?"

"उन्होंने कौन सी कुडी खरीद ली है, यार? तू रंग देख."

नीलेश हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतचा. वडिलांचं तिथे बाजारपेठेत कापडाचं छोटं दुकान. हा मुलगा चित्रांचे थर एकावर एक बसवण्याचं काम करायचा. हवेत उडणारी पुस्तकं, मुलांच्या डोक्यातून निघणारी सूत्रं, मोहालीच्या रिकाम्या प्लॉटवर उभ्या राहणाऱ्या काचेच्या इमारती, हे सगळं त्याच्या हातचं. झिरकपूरमध्ये तिघांत एक फ्लॅट होता. सकाळी घामाने भिजून यायचा आणि पहिला अर्धा तास एसीखाली नुसता उभा राहायचा.

रंगीत चित्र म्हणजे तीन कृष्णधवल चित्रं, हे त्याने मला त्याच जूनमध्ये दाखवलं. एक लाल, एक हिरवं, एक निळं. या कामात त्यांना चॅनल म्हणतात. प्रत्येक चॅनल वेगळं काढून बघता येतं, आणि वेगळं बघितलं की ते राखाडीच दिसतं. ज्या जागी तो रंग जास्त, ती जागा उजळ. जिथे कमी, तिथे अंधार. खिडकीबाहेरच्या बहाव्याच्या चित्रीकरणाचा एक तुकडा कुठल्याशा जाहिरातीसाठी घेतलेला होता. त्याने नुसतं निळं चॅनल लावलं. झाड तेच होतं, पण फुलं काळी झाली. पिवळ्यात निळा जवळजवळ नसतोच. डोळ्यांना दिपवणारा अख्खा रस्ता त्या चॅनलमध्ये कोळशाचे घड टांगल्यासारखा दिसत होता. त्यानंतर चंदीगडमधला बहावा मला पूर्ण पिवळा कधी दिसला नाही.

मग त्याने सानिकाची फ्रेम उघडली. निळ्या शर्टात निळं चॅनल भरलेलं असतं, लाल जवळजवळ रिकामं. दोघांची अदलाबदल केली, लालाच्या जागी निळं आणि निळ्याच्या जागी लाल पाठवलं, की शर्ट नारिंगी होतो. रंगवावा लागत नाही. सुरकुत्या, खिशाची शिवण, काखेतली घामाची सावली, सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून ते खोटं वाटत नाही. खोटं काहीच घातलेलं नसतं, होतं तेच दुसऱ्या वाटेने पाठवलेलं असतं. माझ्यासारख्या, आधी बातम्यांच्या धंद्यात काही वर्षं काढलेल्या माणसाला यात नवीन काही वाटलं नाही.

पहिल्यांदा त्याने गंमत म्हणून अख्ख्या फ्रेमची अदलाबदल केली. शर्ट नारिंगी झाला आणि मुलगी निळी पडली. ओठ जांभळे, कपाळ राखुंडी. पाण्यातून काढल्यासारखी. भुल्लरसाहेब म्हणाले, "ओ, ये तो मर गई." सगळे हसले. नीलेशने शर्टाभोवती आणि मागच्या भिंतीभोवती कड आखली, चेहरा त्या कडेबाहेर ठेवला. या कामाचा पहिला नियम असा की चेहऱ्याला हात लावायचा नाही. बघणाऱ्याला कापडातला बदल कळत नाही, कातडीतला लगेच कळतो. त्यामुळे हे लोक शर्ट बदलतात, भिंत बदलतात, आभाळ बदलतात आणि चेहऱ्यापाशी येऊन हात मागे घेतात. याला ते शिस्त म्हणतात.

नारिंगी क्लासचे डायरेक्टर जाहिरात पाहायला स्वतः आले. शिकवण्याचा विषय त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडला होता. त्यांनी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा त्यांचं लक्ष शर्टावर होतं. "ऑरेंज और ज्यूसी कर सकते हैं?" त्यांनी विचारलं. नीलेशने थोडा रसाळ केला. त्यांनी लाडूंचा डबा ठेवला आणि ते गेले. मुलीचं नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. ते 'टॉपर' म्हणत होते.

जाहिरात फोनोफोनी फिरली. महाराष्ट्रात जास्त फिरली, कारण त्यात एक मराठी वाक्य होतं.

आठवड्याभरात वसमतहून फोन आला. जेवणाची वेळ होती. नीलेशच्या एका हातात राजमा-चावलचा डबा, म्हणून फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवलेला. मराठी समजणारे तिथे आम्ही दोघंच.

"नीलू, ती तुझ्या चंदीगडची पोरगी बघितलीस का?" आई विचारत होती. "आईबाबा म्हणायलीय की रे! इतक्या लांब राहून."

"बघितली, माय."

"तुझे अण्णा म्हणायलेत, आपल्या ऋतूला तिथंच टाकू. तू हायसच तिथं. मामाच्या पोरानं गाडीचं तिकीट काढलंय. नांदेडहून बसायचं, अंबाल्याला उतरायचं."

नीलेशने चमचा खाली ठेवला. ऋतुजा त्याची धाकटी बहीण. पहिल्या खेपेला तिला गुण कमी पडले होते. घरात ठरलं होतं, अजून एकच वर्ष. त्यात झालं तर डॉक्टर, नाही झालं तर वसमतमध्येच औषधनिर्माणाची पदविका, आणि तेवढ्यात एखादं स्थळ. ते एक वर्ष कुठे आणि कुणाच्या हातात द्यायचं, हे त्या आठवड्यात ठरणार होतं.

"माय, ती पोरगी त्या क्लासची नाही."

आता फोनवर वडील आले. "मग कुणाची हाय? शर्ट तर त्यांचाच घातलाय."

"शर्ट मी घातलाय तिला, अण्णा."

"म्हंजे?"

"म्हणजे शर्ट निळा होता. मी नारिंगी केला. कामच हे आहे माझं."

"इंजिनेर केला तुला," अण्णा म्हणाले, "आन् तू रंगारी झालास व्हय?"

नीलेशने मूळ तुकडा पाठवला. निळा शर्ट, निळी भिंत, तेच वाक्य. पुरावा असा होता की कोणत्याही संपादकाने तो छापला असता. वसमतमध्ये काय झालं ते ऋतुजाने नंतर सांगितलं. अण्णा फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर गेले. कापडाचा खरा रंग ट्यूबलाइटखाली कळत नाही, गिऱ्हाइकाला तागा पायरीवर नेऊन उन्हात दाखवायचा, ही त्यांच्या वडिलांपासूनची रीत. त्यांनी दोन्ही शर्ट उन्हात बघितले, फोन तिरका करून, एक डोळा मिटून. मग निकाल दिला. नारिंगी पक्का आहे. निळा कच्चा, धुण्यात उतरल्यासारखा.

त्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. कॅमेऱ्यातून निघालेलं कच्चं चित्र फिकट असतंच, उजळपणा नंतर चढवतात. नीलेशने जो खरा तुकडा पाठवला तो कुणी न सजवलेला होता, म्हणून तो खोटा ठरला.

"आन् दुसरी गोष्ट," अण्णांनी पुन्हा फोन करून सांगितलं. "रंग बदलायचं काम तुझं. मग निळा तूच केला नाहीस कशावरनं?"

रंग बदलणाऱ्याने खरा रंग सांगितला तर तो आणखी एक रंग ठरतो.

"त्याला वाटतं बहीण पुढं जाऊ नये," मागून कुणीतरी काका म्हणाले. तेही ऐकू आलं.

त्या दिवसांत संध्याकाळी सुखना तलावाकडून थोडा वारा यायचा. आम्ही काम संपवून रस्त्यापलीकडे शिकंजी प्यायला उभे राहायचो. गाडीवाला लिंबू पिळताना हसत नसे, बोलत नसे. समोरच्या बसथांब्यावर नारिंगी सानिका. नीलेश तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा. एकदा म्हणाला, "तिकडे लावलेली आहे तेवढं ठीक होतं. माझ्या घरात लावली ना." घरातल्या फोनवर ती दिवसातून कितीदा हसत होती, हे त्याला बहीण सांगत असे. कारण ऋतुजा ती जाहिरात सारखी बघायची. तिला वसमतमधून बाहेर पडायचं होतं. दुकानामागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून दोन वर्षं अभ्यास करून ती कंटाळली होती. चंदीगडला गोल चौक आहेत, झाडं आहेत, तिथली मुलगी अशी हसते, हे तिने त्या तीस सेकंदांतून घेतलं होतं. या धंद्याची खरी कमाई तीच आहे. एखादी मुलगी दूर कुठेतरी गठ्ठ्याला टेकून शर्टाकडे बघत राहते.

पण ती शर्टाकडे बघत नव्हती. ती चेहऱ्याकडे बघत होती. शनिवारी दुपारी तिचा फोन आला.

"दादा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"हिच्या चष्म्यात निळं काय हाय?"

नीलेशने जाहिरात उघडली, थांबवली, मोठी केली. चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक छोटा निळा चौकोन होता. कॅमेऱ्यामागे निळ्या क्लासचा फलक टांगलेला होता, त्यावर दिवा पडलेला, आणि त्याचं प्रतिबिंब. शर्ट नारिंगी, भिंत नारिंगी, अक्षरं नारिंगी आणि डोळ्यांवर दोन निळे चौकोन. चष्मा चेहऱ्यावर होता. चेहऱ्याला हात लावायचा नसतो.

"तो त्यांचा फलक आहे," नीलेश म्हणाला. "निळ्यांचा. ती त्यांच्या खोलीत बसली होती."

"मग तू खरं बोलायलास."

"मी पहिल्यापासून खरंच बोलतोय, येडे."

"तुझ्या बोलण्यावरनं कळत नाही ते," ऋतुजा म्हणाली.

नेमकं त्याच वेळी आणखी कुणाला तरी ते दिसलं होतं. जाहिरातीखाली एकाने लिहिलं, चश्मे में नीला क्यों है भाई. त्याखाली हसणारे चेहरे जमू लागले. डायरेक्टरांनी भुल्लरसाहेबांना फोन केला, भुल्लरसाहेब खुर्चीमागे आले.

"यार, चश्मा भी कर दे."

"सर, चेहऱ्याला, मतलब फेस को टच नहीं करते."

"चश्मा फेस थोडे ही है. चश्मा तो चश्मा है."

नीलेशने काचांमधले दोन चौकोन निवडले, त्यांत लाल आणि निळ्याची अदलाबदल केली. चहा यायच्या आत काम झालं. जुनी जाहिरात सगळीकडून उतरवली गेली, नवी चढली. आता मुलीच्या डोळ्यांवरही नारिंगी होतं. डायरेक्टरांनी उंचावलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. मीही नवी जाहिरात शेवटपर्यंत बघितली. शोधून सापडेल असं तिच्यात काही उरलं नव्हतं. आंधी आली होती. पडद्याच्या फटीतून आलेला उजेड मातकट होता. नीलेश बाहेरच्या जिन्यावर गेला आणि तिथून वसमतला फोन लावला.

"ऋतू, जुनी ठेवलीस का?"

"ठेवली की. तुझ्यापेक्षा हुशार हाय मी."

"आता नवी बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही एकापाठोपाठ आईवडिलांना दाखवल्या. पुन्हा पायरी, पुन्हा ऊन. आईने फोन हातात घेतला. ती कधी दुकानाच्या व्यवहारात पडत नसे. तिने दोनदा बघितलं.

"काल पोरीच्या चष्म्यात दुसऱ्याचं दुकान होतं," ती म्हणाली. "आज ह्यांचं हाय. हसू तर कालचंच हाय. मग रातीतून चष्मा कुणी धुतला?"

निळा शर्ट पुरावा ठरला नव्हता. निळा चौकोनही कदाचित ठरला नसता. तो पुसला गेला, हे मात्र पुरलं. कापडाच्या दुकानात एक गोष्ट माफ नसते, गिऱ्हाइकाला एक तागा दाखवायचा आणि घडी घालताना दुसरा द्यायचा. अण्णांनी मामाच्या मुलाला बोलावलं आणि तिकीट रद्द करायला सांगितलं. नीलेशशी ते आठ-दहा दिवस बोलले नाहीत. घड्या बदलणारा आपलाच मुलगा होता, हे त्यांनी सोडलं नाही. ते बरोबर होतं.

नीलेशने थंडीत स्टुडिओ सोडला. मोहालीतच दुसऱ्या कंपनीत गेला, तिथे तो यंत्रांचे भाग कसे जोडावेत याची चित्रं करतो. "नटबोल्टला हसायला लावत नाहीत," असं म्हणाला. मीही तिथून निघालो. भुल्लरसाहेबांच्या कामात दोघांच्या जाण्याने फरक पडला नाही. पडदे काळेच आहेत, लस्सी येतेच.

ऋतुजा वसमतला राहिली. दुकानामागच्या खोलीतले गठ्ठे अण्णांनी एका भिंतीला लावले आणि खिडकी मोकळी केली. सोडवलेल्या उत्तरांची चित्रं ती भावाला पाठवायची. त्याला त्यातलं काही कळत नसे. तो फक्त 'बघितलं' असं लिहायचा.

या मंगळवारी निकाल लागला. ती उत्तीर्ण झाली. मराठवाड्यातल्या सरकारी महाविद्यालयात जागा मिळेल इतके गुण आहेत. नीलेशने मला फोन केला तेव्हा तो विमानतळाच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत अडकलेला होता. मागे भोंगे वाजत होते. तो नुसता हसत राहिला. शेवटी म्हणाला, "ढोल ऐकू येतोय का? आमचा नाही. शेजारच्या गाडीत लावलाय."

त्याच संध्याकाळी ऋतुजाला चंदीगडहून फोन आला. मागच्या जूनमध्ये, चंदीगडला यायचं ठरत होतं तेव्हा, तिने नारिंगी क्लासच्या संकेतस्थळावर एक मोफत सराव परीक्षा दिली होती. फोनवरची बाई गोड बोलत होती.

"ऋतुजा जी, बहुत-बहुत बधाई! आप तो हमारी ही स्टुडंट हैं ना?"

"नाही. नहीं. मैं तो घर पे थी."

"हाँ, मतलब हमारी ऑनलाइन फॅमिली! बस एक छोटा-सा व्हिडिओ भेज दीजिए. मोबाइल से चलेगा."

"कौन से कपडे में?"

"कुछ भी पहन लीजिए, जी. कलर हमारा स्टुडिओ कर देगा."

ऋतुजाने फोन ठेवला आणि भावाला लावला. नाही म्हण, असं त्याने सांगितलं. नाही म्हटलं तर ते शाळेचा फोटो शोधतील आणि लावतील, असं ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कुठला रंग बदलायला सगळ्यात अवघड?"

हा प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. पांढरा नाही, तो म्हणाला. पांढरा हवा तसा रंगतो. काळाही नाही. अवघड एकच, कातडीचा. कपडा अंगाच्या रंगाचा असला की संगणकाला कुठे कपडा संपतो आणि कुठे गळा सुरू होतो ते कळत नाही. शर्ट निवडला की मान येते, मान सोडली की शर्ट सुटतो. मग माणसाने बसून प्रत्येक फ्रेमवर हाताने कड आखावी लागते. निकालाच्या आठवड्यात तेवढा वेळ कुणाकडे नसतो.

कापड अण्णांनी काढलं. बदामी रंगाचे चार तागे पायरीवर आणले, मुलीचा हात उन्हात धरला आणि एकेक तागा मनगटाशी लावून बघितला. तीन बाजूला केले. चौथा शिंप्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी कुर्ता शिवून आला. मध्ये त्यांनी नीलेशला फोन केला. "पक्का हाय," एवढंच म्हणाले. मुलाशी रंगाबद्दल ते वर्षभरानंतर बोलत होते.

व्हिडिओत ऋतुजा दुकानाच्या पायरीवर बसली आहे. मागे कापडाचे तागे. ती म्हणते, "मी वसमतला, माझ्या घरी, माझ्या अभ्यासावर पास झाले." चष्मा नाही. अंगठा वर केलेला नाही. तो तिने गुरुवारी पाठवला.

शुक्रवारी सेक्टर ३४ च्या चौकातल्या मोठ्या पडद्यावर जाहिरात सुरू झाली. मी ती दोनदा, दोन वेगवेगळ्या वेळी, पाहिली. आवाज काढून टाकला आहे, त्या जागी ढोल आहे. दुकानाच्या जागी प्रयोगशाळेची भिंत आहे. चेहऱ्याभोवती एक गोल राखला आहे, त्याच्या आत रंग मूळचा आहे. कुर्ता नारिंगी आहे. गळा, दोन्ही कान आणि मांडीवर ठेवलेले हातही नारिंगी आहेत. पडद्याखाली आईबाप पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. नाव, जिल्हा आणि गुण बरोबर लिहिले आहेत.

आज सकाळपर्यंत ती जाहिरात उतरवलेली नव्हती.